चर्चेची दोन साधने

चार माणसे एकत्र आली, की विचारविनिमय सुरू होतो. गावच्या पारावर तो समोरासमोर होतो. परंतु ज्यांची घरे समुद्रापलीकडे आहेत, त्यांनी तो कसा करावा? या प्रश्नाची दोन उत्तरे संगणकाने दिली आहेत.

पहिले उत्तर ई-मेलचे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यात जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले. पुढे ई-मेलच्या याद्या निघाल्या. यादीच्या एकाच पत्त्यावर पत्र धाडले, की ते यादीतील सर्वांस पोचते. दुसरे उत्तर तत्काळ संवादाचे. १९८८ साली फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ हे साधन तयार केले. त्यात एकाने लिहिलेले वाक्य त्याच क्षणी इतरांच्या पडद्यावर उमटे.

तत्काळ संवादाने शंकांचे निरसन पळभरात होते व आपलेपणाही वाढतो. परंतु हा संवाद ओढ्याच्या पाण्यासारखा वाहून जातो. त्या घटकेला जो हजर नसतो, त्याचे मत मागेच राहते. आणि महत्त्वाचा निर्णय शेकडो ओळींखाली दडून जातो.

या बाबतीत ‘लिनक्स’चे उदाहरण उद्बोधक आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा आरंभ केला. तिचा गाभा आज जगभरचे हजारो लोक मिळून घडवतात. अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतात. एवढ्या लोकांची सभा भरावी तरी केव्हा? पुण्यात सूर्य उगवतो, तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते! म्हणून गाभ्यातील बदल मुख्यतः ई-मेलच्या याद्यांवर मांडले जातात. पाठवणारा बदलाचे कारण लिहितो, परीक्षक त्याच्या ओळींखाली आपले आक्षेप नोंदवतो आणि सुधारलेला मसुदा पुन्हा सर्वांपुढे येतो. ही पत्रे जतन केलेली असून कोणासही वाचता येतात. अमुक बदल का केला, हा प्रश्न दहा वर्षांनी पडला, तरी त्याचे उत्तर सापडते.

ई-मेलमध्येही उणिवा आहेतच. पत्रांचा ढीग साचतो, उत्तरास विलंब लागतो आणि नवख्यास सर्वांपुढे लिहिण्याचा संकोच वाटतो. त्यामुळे किरकोळ शंकांसाठी लिनक्सची मंडळीही तत्काळ संवादाचा आश्रय घेतात.

तेव्हा साधन निवडावे ते कामाचे स्वरूप पाहून. सहलीची गाडी किती वाजता सुटणार, हे कळवण्यास फोनवरील गटातील एक ओळ पुरेशी आहे. परंतु सहलीस कोठे जावे, हे ठरवायचे असेल, तर प्रत्येकास विचाराला अवधी मिळाला पाहिजे. चार जणांनी घाईने ठरवावे आणि उरलेल्यांनी मुकाट्याने मान डोलवावी, याला चर्चा म्हणत नाहीत. जो हजर नाही, त्याचेही म्हणणे जिच्यात ऐकले जाते, तीच खरी चर्चा होय.