माक्याच्या तेलाआधीचे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यात कुणाचे केस गळायला लागले की पहिला सल्ला मिळतो तेलाचा. बांधावरचा माका आणा, ठेचा, खोबरेल तेलात उकळा, गाळून लावा. दुसरा सल्ला मोबाइलवरून येतो: रोज दहा मिनिटं नखांवर नखं घासा आणि जमलं तर शीर्षासन करा. ‘एकदा रक्त तपासून घे’ असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही. माका वाईट नाही, योग तर नाहीच नाही. पण केस का गळतायत हे न विचारताच उपाय सुरू होतो, आणि केसांबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

कारण आधी शोधावं, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला महाराष्ट्रातलाच आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस अचानक जायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग नुसता हात फिरवला तरी केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी बुरशीला. हा खारपाणपट्टा, त्यामुळे पाण्यावर संशय येणं साहजिकच होतं, आणि पाण्यात नायट्रेट जास्त आढळलंही. दिल्लीहून तज्ज्ञांची पथकं आली. आयुष खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांचा हा स्वतःचाच मतदारसंघ, त्यामुळे बातमी देशभर गाजली.

विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र ताटातल्या गव्हाकडे पाहिलं. रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात त्यांना किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं. अपेक्षित मर्यादा होती १.९. गहू धुऊन घेतला तरी आकडा १३.६१ च्या खाली गेला नाही. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं होतं. सेलेनियम शरीराला लागतं, पण दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. फार झालं तर केस आणि नखं दोन्ही सुटतात. पुढं एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळण्याच्या तक्रारी आल्याच. ज्यांनी तो गहू खाणं थांबवलं त्यातल्या काहींना पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागले, असं बावस्कर यांचं निरीक्षण आहे. त्या काळात डोक्यावर ब्राह्मी ओतली काय किंवा जास्वंद, गहू तोच राहिला असता तर काय उपयोग होता?

चकलांब्याची गळती अशी नाट्यमय नाही. ती फणीतून, न्हाणीतून, हळूहळू होते. म्हणूनच तिच्याबद्दल गैरसमज जास्त.

‘केस मुळासकट आला, आता तिथं उगवायचा नाही’

गळलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. बायका त्याला मूळ समजतात आणि घाबरतात. ते मूळ नाही. केसाची वाढ थांबून त्याची विश्रांतीची पाळी आली की खालचं टोक असं गोळीसारखं होतं आणि केस आपसूक सुटतो. खरं मूळ, म्हणजे केसाची पिशवी, कातडीत शाबूत असते. ऊस तोडला तरी जमिनीतल्या खोडाला खोडवा फुटतो, तसंच हे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते, तीनेक महिने तो विसावतो आणि गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे नेहमीचंच. आठवड्यातून एकदाच केस विंचरून न्हाणारीच्या हातात एकदम मोठा पुंजका येतो, तो सगळ्या आठवड्याचा असतो. ‘केसावर फुगे’ अशी आरोळी देत येणाऱ्यासाठी घरोघरी पिशवीत साठवलेले केस पाहिले तर कुणालाही वाटेल की सगळ्या गावाला टक्कल पडणार. पुंजक्याच्या आकारापेक्षा भांगाकडे बघावं. भांग रुंद होत चालला असेल, कपाळाचे कोपरे मागं सरत असतील किंवा वेणी पूर्वीपेक्षा बारीक लागत असेल, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

‘परवा शाम्पू बदलला, म्हणूनच गळायला लागले’

इथं सगळ्यांचा हिशेब चुकतो, कारण केस उशिरा बोलतात. ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार, घरातला मृत्यू अशा धक्क्यानं बरेच केस एकदमच विश्रांतीत जातात आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस तो ताप विसरलेला असतो आणि आरोप होतो परवाच्या शाम्पूवर. करोनानंतर हे हजारो घरांनी अनुभवलं. डेंग्यू, टायफॉइडनंतरही हेच होतं. काही घरांत म्हणतात की बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळाचा यात काही दोष नाही, दोन्ही गोष्टी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच येतात. ही गळती बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप थांबते. त्या वेळी जे तेल लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं, आणि ‘आमच्या मामींचे केस या तेलानंच आले’ ही गोष्ट पुढं पिढ्यान् पिढ्या चालते.

बीड जिल्ह्यात या हिशेबात आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी बाई घ्या: पहाटे उठून मोळ्या वाहायच्या, खायचं सगळ्यांच्या नंतर, पाळीत अंगावरून जास्त जात असलं तरी खाडा नको म्हणून दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. इतक्या बायका ज्या तक्रारी घेऊन ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्या, त्यांत अति रक्तस्रावाची तक्रार मोठी होती. असं वर्षानुवर्षं रक्त जात राहिलं की शरीर लोह आधी महत्त्वाच्या कामांना पुरवतं. केस त्या यादीत शेवटचे.

म्हणून या भागात केसगळतीचा पहिला घरगुती उपाय मी लोहाचाच धरेन. बाजरीची भाकरी, अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, तीळ हे आपल्याकडे आहेच. फक्त जेवणाबरोबरचा चहा सोडावा, तो लोह शोषू देत नाही. त्याऐवजी वर लिंबू पिळावं. पण रक्त फार उतरलं असेल तर भाजीनं भागत नाही, गोळ्या लागतात. आणखी एक बारकावा: हिमोग्लोबिन ठीक दिसूनही साठ्यातलं लोह कमी असू शकतं, त्यासाठी फेरिटिनची तपासणी असते. थायरॉइडची तपासणीही सोबत करून घ्यावी.

‘डोक्यात रक्त उतरलं की केस उगवतात’

शीर्षासनाचा सगळा दावा यावर उभा आहे. पण पुरुषांचं नेहमीचं टक्कल रक्त कमी पडल्यानं पडतच नाही. तिथल्या केसांच्या पिशव्या जन्मजात एका संप्रेरकाला हळव्या असतात. त्यानं केस दर फेरीला बारीक होत जातो. पुरावा केशरोपणात आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस काढून टकलावर लावले तर ते तिथंही वाढत राहतात. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिलं आणि केशरोपण त्याच पायावर उभं राहिलं. टकलाला रक्तच मिळत नसतं तर लावलेले केसही सुकले असते. नखं घासल्यानं केस येतात याला तर कसलाच भरवशाचा पुरावा नाही. नखं तेवढी झिजतात.

शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. काचबिंदू, रक्तदाब किंवा मानेचा त्रास असणाऱ्यानं केसांसाठी उलटं उभं राहणं म्हणजे शुद्ध घाट्याचा सौदा.

मग योगाचा काही उपयोग नाही का? आहे, पण तो रक्त डोक्यात ढकलण्याचा नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं तेच मुळी योगाचे परिणाम यंत्रांनी मोजायचे म्हणून. त्या रीतीनं पाहिलं तर योगाचं पक्कं काम दिसतं ते ताण आणि झोपेवर. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये उंदरांवर दाखवलं की ताणाचं संप्रेरक केसांच्या मूळपेशींना झोपवून ठेवतं. माणसातही हुबेहूब असंच होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. पण ताणानंतर गळणाऱ्या केसांच्या बाबतीत रोजची वीस मिनिटं प्राणायाम, शवासन आणि पुरेशी झोप हा शहाणा सल्ला आहे. त्यानं अनुवांशिक टक्कल परत भरेल, ही आशा मात्र ठेवू नये.

‘आयुर्वेद म्हणजे तेल’

सगळ्यात मोठा अन्याय खुद्द आयुर्वेदावर होतो. आयुर्वेदात केसांचं नातं अस्थिधातूशी लावलं आहे, केस त्याचा मल मानला आहे. म्हणजे केसांचा प्रश्न पचन आणि पोषणापासून सुरू होतो. सुश्रुतसंहितेत चाईसारख्या इंद्रलुप्ताचं वर्णन असं आहे: वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडतं आणि मग कफ व रक्त ती वाट अडवतात. ही भाषा आजच्या शरीरशास्त्राची नाही. पण चांगला वैद्य याच पद्धतीनं आधी भूक, झोप, पाळी, कोठा विचारतो. बाटलीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ छापणारा यातलं काहीच विचारत नाही.

तेलाचं खरं काम काय? मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल तेल केसात मुरतं आणि केसातलं प्रथिन कमी झिजू देतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच हा अभ्यास, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे. केस तुटणं त्यानं कमी होतं. तुटणं आणि मुळातून गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तेलाचा जोर पहिलीवर. माक्याच्या अर्कानं उंदरांच्या अंगावर केस वाढल्याचे प्रयोग झाले आहेत. माणसांवर तेवढा भक्कम पुरावा नाही. लावायला हरकत नाही. मात्र चिकट, पिवळसर कोंडा असेल तर तेल थापू नये. तो कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते.

कांद्याच्या रसाचा २००२ मधला इराकी प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. तो ३८ जणांवरचा होता आणि फक्त चाईवरचा, जी पुष्कळदा आपली आपण भरते. चाईवर गुंज उगाळून लावणारेही आहेत. जुन्या ग्रंथांत गुंजेचा लेप आहे खरा, पण गुंज विषारी असते. पोराच्या डोक्यावर तो प्रयोग घरी करू नये.

‘औषधी म्हणजे अपायच नाही’ हेही खरं नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत २००८ मध्ये तपासणी झाली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लेबल, परवाना क्रमांक नसलेली बाटली यात्रेतून घेऊ नये. बायोटिनच्या गोळ्याही तशाच: शरीरात कमी नसेल तर फायदा नाही, उलट थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो.

जावळ काढल्यानं केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्यानं ते जाड वाटतात, एवढंच. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, टक्कल पडत नाही.

डॉक्टरकडे लगेच जावं ते गळती अचानक आणि चट्ट्यांनी असेल, डोकं लाल होऊन दुखत असेल किंवा एकाच घरात, एकाच गावात बऱ्याच जणांचे केस एकदम जात असतील तर. या शेवटच्या बाबतीत आशाताईंना कळवावं, बुलढाण्यासारखं काही असलं तर ते तिथूनच कळतं. एरवी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून घ्यावं. त्वचारोगतज्ज्ञ लागलाच तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळतो. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी टाकून देऊ नये. आणि आज उपाय सुरू झाला तर गळती थांबायलाच तीनेक महिने जातात. नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो.