डिझेल मोटारीचे वय आणि तिचा धूर

डिझेलवर चालणारी खासगी मोटार दहा वर्षांची झाली की ती कायद्याने भंगारात काढावीच लागते, हा समज सोलापुरात इतका घट्ट बसला आहे की जुन्या गाड्यांच्या व्यवहारात खरेदीदार तो हुकमी मुद्दा म्हणून पुढे करतो आणि विकणारा निमूटपणे भाव उतरवतो. हा समज हवेतून आलेला नाही. त्याला आधार आहे, परंतु तो आधार सोलापूरपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 7 एप्रिल 2015 रोजी दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या अंमलबजावणीवर शिक्कामोर्तब केले. राजधानी क्षेत्र म्हणजे दिल्ली आणि तिच्याभोवतीचे हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांतील काही जिल्हे. महाराष्ट्रातील एकही जिल्हा त्यात मोडत नाही, आणि या आदेशाने महाराष्ट्रातील गाडीचे आयुष्य एका दिवसानेही कमी झालेले नाही. खुद्द राजधानी क्षेत्रातही केवळ वयाची कसोटी टिकली नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑगस्ट 2025 रोजी वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली आणि डिसेंबर 2025 मध्ये हे संरक्षण बीएस-4 या उत्सर्जन मानकाच्या व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. गाडी किती वर्षांची आहे यापेक्षा ती कोणत्या मानकानुसार बनली आहे, हा प्रश्न अशा रीतीने अखेर दिल्लीतही पुढे आला.

महाराष्ट्रात लागू असलेला नियम मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 मध्ये आहे आणि तो पेट्रोल व डिझेल असा भेद करत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीस नेऊन, म्हणजे बोलीभाषेत तिचे पुन्हा पासिंग करून, नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. हे नूतनीकरण स्वस्त नाही, हे मान्य केले पाहिजे: एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी केंद्रीय शुल्क 5,000 रुपये झाले, ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ते 10,000 रुपये करण्यात आले, आणि राज्याचा पर्यावरण कर डिझेल गाडीला पेट्रोल गाडीपेक्षा अधिक बसतो. परंतु महाग असणे आणि निषिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावे लागावे याचे नवल वाटते. केंद्राने 2021 मध्ये आणलेले वाहन मोडीत काढण्याचे धोरणही खासगी गाडीला वयाच्या कारणाने मोडीत काढत नाही. तेथे कसोटी आहे ती तपासणीत उत्तीर्ण होण्याची. पंधरा वर्षांनंतर सक्तीने बाद होतात त्या सरकारी गाड्या, आणि तो नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे.

मानकाच्या बाबतीत सोलापूरचे स्थान वेगळे आहे आणि ते सोलापूरकरांनाही फारसे ठाऊक नसते. भारत स्टेज, म्हणजेच बीएस, ही इंजिनाच्या उत्सर्जनावर घातलेल्या मर्यादांची चढती श्रेणी असून 1 एप्रिल 2010 रोजी देशभर बीएस-3 लागू होत असताना तेरा निवडक शहरांत त्याच दिवशी बीएस-4 आणले गेले, आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू अशा महानगरांच्या त्या यादीत पुण्याबरोबर सोलापूरचेही नाव होते. इंधनही त्याबरोबर बदलले: बीएस-3 डिझेलमध्ये गंधकाची कमाल मात्रा दहा लाख भागांत 350 होती, ती बीएस-4 मध्ये 50 झाली आणि बीएस-6 मध्ये 10 वर आली. उर्वरित देशात बीएस-4 सर्वत्र बंधनकारक होण्यास 1 एप्रिल 2017 उजाडावे लागले. परिणामी 2012 साली सोलापूर शहरात नोंदलेली डिझेल मोटार बीएस-4 असण्याची शक्यता मोठी, तर त्याच वर्षी जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी नोंदलेली तीच मोटार बीएस-3 असू शकते. दोन्हींच्या क्रमांकाची सुरुवात एमएच 13 नेच होत असली, तरी धूर तपासणीत त्यांना लागणारा निकष एक नाही. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्सर्जन मानकाचा रकाना, आणि जुन्या आरसी बुकात तो नसल्यास 'एम-परिवहन' या शासकीय ॲपवरील नोंद, गाडीच्या वर्षापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

धूर तपासणीचा हा निकष केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या नियम 115 मध्ये आहे. तपासणीत इंजिन आधी गरम केले जाते, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबला जातो, आणि सायलेन्सरच्या नळीत घातलेल्या शलाकेतून आलेला धूर यंत्रातील प्रकाशझोत किती अडवतो हे मोजले जाते; ही कृती अनेकदा करून वाचनांची सरासरी घेतात. स्वच्छ हवेला शून्य आणि पूर्ण अपारदर्शक धुराला शंभर धरणाऱ्या हार्ट्रिज एककात बीएस-4 पूर्वीच्या गाडीला 65 पर्यंत, तर बीएस-4 व त्यापुढील गाडीला 50 पर्यंत मुभा आहे. थंड इंजिनावर घाईने उरकलेल्या तपासणीत बरी गाडीही नापास होऊ शकते. एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा नोझल नीट फवारत नसेल, तर धुराचा आकडा चढतो. गाडीचे वय हे त्याचे कारण नव्हे.

येथेच उलट दिशेचा गैरसमज भेटतो. पीयूसी, म्हणजे या तपासणीचे प्रमाणपत्र, मिळाली की गाडी प्रदूषण करत नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि ते पहिल्यांइतकेच चुकतात, कारण डिझेलची ही तपासणी केवळ धुराची अपारदर्शकता मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे, जी डिझेल इंजिनाचा मुख्य दोष मानली जातात, ती डोळ्यांना आणि या यंत्राला सारखीच अदृश्य आहेत. त्यांची मर्यादा (डिझेल मोटारीसाठी बीएस-4 मध्ये किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम, बीएस-6 मध्ये 80) गाडीचे प्रारूप मंजूर होताना प्रयोगशाळेत तपासली जाते, रस्त्याकडेच्या केंद्रावर नव्हे. प्रयोगशाळेलाही फसवता येते हे 2015 मध्ये फोक्सवॅगन प्रकरणात जगाने पाहिले. एप्रिल 2023 पासून भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी बंधनकारक झाली, ती याच जातीच्या शंकांमुळे. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील, म्हणजे हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीतील शहर आहे, हे लक्षात घेता पीयूसीच्या कागदाला शुद्धतेचा दाखला समजणे अधिकच अनाठायी ठरते.

राहिलेल्या समजांना एवढी जागा देण्याचे कारण नाही. नव्या गाडीला पीयूसी लागतच नाही हे खोटे आहे. सूट केवळ पहिल्या नोंदणीपासून एक वर्षाची आहे, बीएस-6 गाडीलाही तेवढीच, आणि पूर्ण सूट असते ती विजेवरील गाडीला. पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागते हे बीएस-4 पूर्वीच्या गाड्यांपुरते खरे. बीएस-4 व बीएस-6 गाड्यांना ती वर्षभर चालते. विजापूर किंवा कलबुर्गीच्या वाटेवर सोलापूरची पीयूसी चालत नाही, ही भीती व्यर्थ आहे, कारण प्रमाणपत्राचा नमुना 2021 पासून देशभर एकच आहे. पीयूसी नसेल तर अपघाताचा विमा मिळत नाही, या बातमीला विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2020 मध्येच दिशाभूल करणारी ठरवले होते. विमा नूतनीकरणासाठी पीयूसीची जी अट सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये घातली होती, तीही जुलै 2024 मध्ये न्यायालयानेच काढून घेतली. याचा अर्थ पीयूसीविना फिरण्याची मुभा मिळाली असा मात्र कोणी घेऊ नये, कारण कलम 190 मधील 10,000 रुपयांपर्यंतच्या दंडाची, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरण्याची तरतूद कायम आहे. बीएस-6 डिझेल मोटारीतील काजळी अडवणारा गाळक, म्हणजे डीपीएफ, तुंबला की तो काढून टाकावा आणि गाडी मोकळी करावी, असा सल्ला काही गॅरेजांत बिनदिक्कत दिला जातो. हा मूळ रचनेतील बेकायदा बदल आहे, आणि तुंबलेला डीपीएफ बहुतेक वेळा शहरातल्या थांबत-थांबत चालवण्याने भरलेला असल्यामुळे हमरस्त्यावर सलग वेगाने चालवल्यास साचलेली काजळी त्यातच जळून जाऊ शकते, हे तो सल्ला देणारा क्वचितच सांगतो.