पोकलेनच्या पडद्यावरचे आकडे

धुळ्याहून पारोळा, एरंडोल या मार्गाने जळगावला जाताना रस्त्याच्या कडेला माती उपसणारे अजस्र पिवळे यंत्र तुम्ही पाहिले असेल. सुरत-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात अशी कितीतरी यंत्रे या पट्ट्यात राबली. आपण त्याला सरसकट पोकलेन म्हणतो. हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव. यंत्र कोणाचेही असो, आपल्याकडे नाव तेच रूढ झाले.

आता अशी कल्पना करा, की मे महिन्याची दुपार आहे. खानदेशात या दिवसांत पारा कित्येकदा ४५ अंशांपर्यंत चढतो. काम ऐन भरात असताना चालकासमोरच्या पडद्यावर तांबडा दिवा लागतो आणि आकडे उमटतात : ११०-३. यंत्र ताशी भाड्याने आणलेले, तेव्हा खोळंबा परवडणारा नाही. कोणी म्हणतो, "एंजिन तापले." कोणी म्हणतो, "सेन्सर गेला, नवा बसवा." या दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला तुमच्या पाठ्यपुस्तकातला ओहमचा नियम पुरेसा आहे.

प्रथम हे आकडे कोठून येतात ते पाहू. आधुनिक एंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर, म्हणजेच संवेदक बसवलेले असतात. कोणी पाण्याचे तापमान मोजतो, कोणी तेलाचा दाब. त्यांच्या तारा एका लहानशा संगणकाकडे जातात. त्याला आपण नियंत्रक म्हणू. अवजड वाहनांतील नियंत्रकांनी कोणत्या भाषेत बोलावे, याचे जे-१९३९ नावाचे एक अमेरिकन मानक आहे आणि बरेच कारखानदार ते पाळतात. त्यानुसार पहिला आकडा काय मोजले जात आहे ते सांगतो. ११० म्हणजे एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान, १०० म्हणजे एंजिनातील तेलाचा दाब. दुसरा आकडा बिघाडाची तऱ्हा सांगतो. ० म्हणजे मोजमाप विश्वासार्ह आहे, पण ते धोक्याच्या पातळीवर गेले आहे. ३ म्हणजे तारेवरचा विद्युतदाब अवाजवी जास्त, आणि ४ म्हणजे अवाजवी कमी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नियंत्रकाला तापमान दिसत नाही. त्याला फक्त व्होल्ट दिसतात.

तापमानाचा संवेदक म्हणजे बहुधा थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. नियंत्रक आपल्या पोटातील एका ठराविक रोधातून त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि थर्मिस्टरच्या दोन टोकांमधला दाब मोजतो. हिशेबासाठी आतला रोध २००० ओहम धरू. पाणी कोमट असताना थर्मिस्टरचाही रोध २००० ओहम असेल, तर दाब निम्मा-निम्मा वाटला जाऊन २.५ व्होल्ट दिसतील. पाणी ९० अंशांवर गेल्यावर रोध २५० ओहम झाला, तर ५ × २५० ÷ २२५०, म्हणजे सुमारे ०.५६ व्होल्ट. जितके गरम तितके व्होल्ट कमी!

आता तार तुटली तर? शेताच्या बांधाला उभ्या केलेल्या यंत्राच्या तारा उंदीर हमखास कुरतडतात. मंडल खंडित झाले की प्रवाह थांबतो, आतल्या रोधावर दाब खर्ची पडत नाही, आणि नियंत्रकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. पाणी बर्फाहून कितीतरी थंड असल्याशिवाय एवढा दाब येणार नाही, आणि जळगावच्या मे महिन्यात ते अशक्यच. म्हणून नियंत्रक तापमान सांगण्याचे सोडून ११०-३ लिहितो. उलट दोन तारा सोलून एकमेकींना चिकटल्या, तर दाब शून्यावर येतो आणि ११०-४ उमटते. तेव्हा आपल्या गोष्टीतल्या पहिल्या माणसाचे निदान चुकले. एंजिन तापल्याची वर्दी ११०-० ही असते.

दुसऱ्याचे तरी बरोबर होते काय? तपासण्याची युक्ती मोठी सोपी आहे. संवेदकावरचा कनेक्टर काढायचा आणि हार्नेसकडील, म्हणजे तारांच्या जुडग्याकडील, दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. ११०-३ जाऊन ११०-४ आले, तर तारा आणि नियंत्रक शाबूत आहेत असे सिद्ध झाले. दोष संवेदकात किंवा त्याच्या पिनांत आहे. ११०-३ तसेच राहिले, तर तार वाटेत कोठेतरी तुटली आहे. मग नवा संवेदक बसवून पैसे वाया जातील आणि दिवा काही विझणार नाही. मुळातच ११०-४ आले असेल, तर कनेक्टर नुसता काढून ठेवायचा आणि ११०-३ येते का ते पाहायचे. ही युक्ती फक्त दोन तारांच्या थर्मिस्टरची आहे. दाब मोजणाऱ्या संवेदकाला बहुधा तीन तारा असतात. त्यांतली एक ५ व्होल्टांचा पुरवठा आणते. तिला वाटेल तेथे जोडून चालणार नाही.

हाच पुरवठा कित्येकदा दोन-तीन संवेदकांना सामाईक असतो. त्यामुळे एकदम तीन तक्रारी आल्या, तर तिन्ही संवेदक एकाच वेळी मेले असे मानण्यापेक्षा सामाईक तार पाहावी. माझ्या मते चांगल्या मिस्त्रीची ओळख येथे पटते.

११०-० आले तर मात्र तारांशी खेळत बसू नये. भार काढावा, रेडिएटरच्या जाळीत धूळ साचली आहे का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, हे पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण तर उघडूच नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि दाब सुटताच उकळून अंगावर उसळते.

सर्वांत घातक दोष कोणताच आकडा दाखवत नाही. समजा, कनेक्टरच्या पिनेवर गंज चढला आणि त्याने ५०० ओहमांची भर घातली. पाणी ९० अंशांवर असताना नियंत्रकाला २५० ऐवजी ७५० ओहम भासतील आणि दाब १.३६ व्होल्ट दिसेल. हा आकडा मर्यादेत आहे, म्हणून तक्रार नाही. पण नियंत्रक समजतो, पाणी बरेच थंड आहे! एंजिन तापत जाते आणि दिवा लागत नाही. सकाळी एंजिन थंड असताना हे कळणेही कठीण, कारण तेव्हा थर्मिस्टरचा स्वतःचाच रोध हजारो ओहम असतो आणि त्यात ५०० मिसळून जातात. तापलेल्या एंजिनावर वेगळा तापमापक धरून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिले, तरच ही चोरी पकडता येते.

हे सारे शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल. १० हजार ओहमांचा थर्मिस्टर आणि तेवढाच साधा रोध एकसर जोडून त्यांना दीड व्होल्टांचे तीन सेल लावा. मल्टिमीटर थर्मिस्टरच्या दोन टोकांना जोडा. साध्या हवेत सव्वादोन व्होल्टांच्या आसपास वाचन मिळेल, उन्हाळ्यात थोडे कमीच. थर्मिस्टर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कढत पाण्यात धरा. वाचन अर्ध्या-पाऊण व्होल्टापर्यंत उतरेल. मग मल्टिमीटर मंडलातच ठेवून थर्मिस्टरचे एक टोक सोडवा आणि वाचन लिहून घ्या. ते पुन्हा जोडून दोन्ही टोके तारेने एकत्र करा. साधा रोध मध्ये असल्याने सेलना धोका नाही. शेवटी थर्मिस्टरच्या वाटेत दोन-तीन हजार ओहमांचा आणखी एक रोध घाला, मल्टिमीटर त्या दोहोंवर मिळून लावा, आणि पाणी तेवढेच कढत असताना वाचन किती चढते ते पाहा.