कामाची साक्ष

सोलापूर स्थानकावर उद्यान एक्सप्रेसमध्ये चढून बेंगळुरूस नोकरीच्या शोधात निघालेल्या तरुणाच्या हाती एके काळी एक फुगीर फाईल असे. गुणपत्रिका, वर्तणुकीचा दाखला, साक्षांकित प्रती आणि जमल्यास एखाद्या वजनदार गृहस्थाची चिठ्ठी. ही फाईल आजही कोणी टाकून देत नाही. परंतु अर्जदार कोणत्या परीक्षा उत्तीर्ण झाला एवढेच तीतील कागद सांगतात. त्याला काय करता येते, हे सांगत नाहीत. ते दाखविण्यासाठी इंटरनेटवर कामाच्या नमुन्यांचा जो संग्रह मांडला जातो, त्यास पोर्टफोलिओ म्हणतात.

कल्पना जुनीच आहे. चित्रकार आणि वास्तुशिल्पी आपल्या कामाचे नमुने बगलेत घेऊन पूर्वीपासून हिंडत आले आहेत. बेंगळुरूत तिला विशेष महत्त्व आले ते तेथील उद्योगामुळे. १९८३ साली इन्फोसिसने पुण्याहून आपले ठाणे तेथे हलविले. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी आली. मागोमाग लहानमोठ्या कंपन्यांची रीघ लागली. तेथे देशभरातून अर्ज येतात. निवड करणाऱ्यास सोलापूरच्या महाविद्यालयाची पारख नसते, आणि ती करून घेण्यास सवडही नसते. नामांकित संस्थेचा शिक्का नसलेला मुलगा मागे पडतो तो येथे. आणि पोर्टफोलिओची खरी गरज आहे तीही त्यालाच.

त्यात मांडावे काय? समजा, एका मुलाने यंत्रमागाच्या कारखान्यासाठी चादरींचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला. ‘मी अत्यंत कष्टाळू व होतकरू आहे’ या वाक्यापेक्षा या एका कामाचे वर्णन अधिक बोलके ठरते. मात्र ते नीट लिहिले पाहिजे. मालकाची अडचण काय होती, पहिला प्रयत्न कोठे फसला, तो कसा सुधारला, आणि आता कारकुनाचा किती वेळ वाचतो, हे चार परिच्छेदांत यावे. फसलेला प्रयत्न लपवू नये. अनुभवी परीक्षक नेमका तोच भाग वाचतो. चौघांनी मिळून केलेले काम असेल, तर आपला वाटा कोणता हे स्पष्ट सांगावे. मुलाखतीत दोन प्रश्नांतच उसने काम उघडे पडते. अशी तीन कामे पुरेत. वीस अर्धवट कामांचा ढीग वाचणाऱ्यास केवळ थकवितो.

हे ठेवावयाच्या जागा अनेक आहेत. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबवर प्रोग्राम ठेवता येतो. त्यात केव्हा कोणता बदल झाला, याचा इतिहासही तेथे दिसतो. चित्रे व आराखडे यांसाठी बिहान्स आहे. लिंक्डइनवर नोकरीचा पूर्ववृत्तान्त देता येतो. आधीच्या मालकाची गोपनीय कागदपत्रे मात्र कोठेही ठेवू नयेत. आधार क्रमांक, सहीचा नमुना, घरचा पत्ता यांचेही तेथे काम नाही. नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळणारे अशाच माहितीच्या शोधात असतात.

हा विषय केवळ पदवीधरांचा, असे समजण्याचे कारण नाही. २००७ साली बेंगळुरूतच बाबाजॉब ही सेवा निघाली. स्वयंपाकी, मोटारचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची नोंद तीत होई; २०१७ साली ती क्विकरने घेतली. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरही अशा कामगारांस नाव नोंदविता येते. मोटारचालकाची साक्ष म्हणजे त्याची अपघाताविना गेलेली वर्षे, आणि जुन्या मालकाने त्याबद्दल दिलेला शब्द. तो मालक दूरध्वनीवर बोलण्यास तयार असेल, तर तसे तेथे लिहावे. क्रमांक मात्र मागणाऱ्यासच द्यावा.

संग्रह तयार झाल्यावर तो दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावा. पुष्कळदा स्वतःच्या यंत्रावर सुरेख दिसणारे पान तेथे परवलीचा शब्द मागते, आणि अर्ज त्याआधीच गेलेला असतो.