चार वाचकांच्या चार पोथ्या

अण्णा आमच्या वाड्यातले जुने शेजारी. एका पतसंस्थेत तीस वर्षे त्यांनी खतावणी लिहिली. व्याज तोंडी काढीत. एके दिवशी त्यांच्या टेबलावर संगणक आला, त्यात हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर आले आणि सोबत आली चारशे पानांची माहितीपुस्तिका. पंधरा दिवस ती चाळून अण्णा एका संध्याकाळी आमच्याकडे आले नि म्हणाले, "डोके गंजले हो माझे. राजीनामा द्यावा म्हणतो!"

मी पुस्तिका उघडली. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाचा अर्थ तीत इमानाने दिला होता. पण समोर खातेदार उभा आहे, त्याला मुदत ठेवीची पावती हवी आहे, तर आधी काय करायचे आणि मग काय, हे कुठेच सलग सापडेना. अण्णांचे डोके शाबूत होते. पुस्तिका तेवढी भलत्याच वाचकासाठी लिहिली होती.

हे दुखणे संगणकाच्या जगात जुनेच आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचली. तिची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. प्रत्येक आज्ञेला ठरलेला साचा: नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि चक्क 'दोष' असे कलम! आपल्या मालाचे दोष आपणच छापणारा दुकानदार विरळाच. जाणत्याला ही पुस्तिका म्हणजे पंचांग; हवे ते पान उघडावे नि पाहावे. पण नुसते पंचांग चाळून कोणी ज्योतिष शिकत नाही. म्हणूनच १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात ब्रायन कर्निहन यांचा खास नवशिक्यांसाठी लिहिलेला पाठ आढळतो.

पुढे आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी संगणकावर मजकूर लिहायला शिकणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले. माणूस आधी वाचत नाही; हात घालतो, चुकतो आणि मग परतीची वाट शोधतो, असे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी कितीतरी लहान पुस्तिका तयार केली. आरंभ कामापासून, पाल्हाळाला फाटा. चुकल्यास सावरावे कसे, ते मात्र आवर्जून. शिकणारे तिच्यावर लवकर शिकले. १९९० च्या आपल्या ग्रंथाला त्यांनी न्युर्नबर्गच्या नरसाळ्याचे नाव दिले. डोक्यात ज्ञान ओतणारे हे नरसाळे जर्मन लोकांच्या थट्टेचा विषय आहे. असे नरसाळे नसते, हेच कॅरोल यांचे सांगणे.

मग करावे काय? कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगो नावाचे सॉफ्टवेअर जन्मले. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या माहितीचे चार कप्पे आहेत. त्याच परिवारातील दानिएले प्रोचिदा यांनी या चौकडीची रीतसर मांडणी केली. पहिला कप्पा धड्यांचा: नवख्याचे बोट धरून चालवणारा, अंकलिपीसारखा. दुसरा कृतींचा: घाईत असलेल्याला नेमके काम उरकून देणारा, पाककृतीसारखा. तिसरा कोशाचा. चौथा विवेचनाचा: हे असेच का, असे निवांतपणी विचारणाऱ्यासाठी. चौघांची सरमिसळ केली की फजिती ठरलेली. आमटी कशी करायची विचारले, तर डाळीच्या जातींवर प्रवचन ऐकावे लागते!

आणि गंमत अशी, वाचकहो, की हे चार वाचक बहुधा एकच माणूस असतो. सोमवारी तो नवशिका असतो, गुरुवारी घाईत असतो आणि रविवारी जिज्ञासू!

त्या संध्याकाळी मी म्हटले, "अण्णा, राजीनामा राहू द्या, वही आणा." आम्ही वहीचे चार भाग केले. पहिल्यात एका खोट्या खातेदाराची एक पावती, पहिल्या बटणापासून शेवटापर्यंत. दुसऱ्यात रोजची कामे, एका पानाला एक. तिसऱ्यात त्या चारशे पानांतले काय कुठे आहे, त्याची यादी. चौथ्यात 'असे का?'

अण्णा मानाने निवृत्त झाले. वही मागे राहिली. नवी मुले तीवरच शिकतात. प्रत्येक पानाच्या तळाशी अण्णांच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे: 'मी इथे चुकलो होतो.' मुले म्हणे आधी तीच वाचतात.