सॅमचा हात का थांबला?

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलाने विचारलं, "सर, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा खरा नायक कोण? फ्रोडो की सॅम?" पुढच्या वेळी बोलू म्हटलं होतं, तर आज तेच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. सॉरॉनची अंगठी जिथे घडली त्याच ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची आहे. ती घेऊन फ्रोडो निघतो, सोबत त्याचा माळी सॅम. वाट दाखवायला गॉलम, ज्याला याच अंगठीने आतून पोखरलंय. आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचल्यावर फ्रोडो काय म्हणतो? अंगठी माझी, टाकणार नाही! मग गॉलम त्याचं बोट चावून तोडतो, अंगठीसकट खाली पडतो आणि काम होतं.

म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं, त्याने ते केलंच नाही. पण निकाल द्यायची घाई नको. जे करणं माणसाला शक्यच नाही ते त्याचं कर्तव्य ठरत नाही, हे कांटचं म्हणणं तुम्हाला आठवत असेल. टॉल्किनचीही भूमिका तीच आहे. १९६३ च्या एका पत्रात तो फ्रोडोच्या मोडून पडण्याला नैतिक अपयश मानत नाही. त्या जागी अंगठीचा दाब सोसणं कोणाच्याही आवाक्यातलं नव्हतं. हा लेखक १९१६ साली सोमच्या लढाईत होता, मोडलेली माणसं त्याने जवळून पाहिली होती.

तरी नायक कोण, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे धनंजयाच्या ‘दशरूपका’त कथेच्या फळाचा जो स्वामी तो अधिकारी, असं मानलंय. ही कसोटी लावली तर सॅम जिंकतो. त्याला घर, बायको, मुलं सगळं मिळतं. फ्रोडोच्या जखमा मात्र बऱ्या होत नाहीत, त्याला समुद्रापार जावं लागतं. खुद्द टॉल्किननेही १९५१ च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात सॅमला मुख्य नायक म्हटलंय.

लोक सॅमला मोठा मानतात ते त्याने फ्रोडोला पाठीवर घेतलं म्हणून. मला तेवढं पुरेसं वाटत नाही, बरं का. निष्ठा चांगलीच, पण त्याच निष्ठेपायी सॅमने एक भयंकर चूक केलीय. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गॉलम हळूच हात लावतो. क्षणभर तो थकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो, पश्चात्तापाच्या अगदी उंबरठ्यावर. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. संपलं! तो गॉलम पुन्हा दिसत नाही.

पुढे डोंगराच्या चढावर तोच गॉलम सॅमच्या तलवारीखाली गयावया करतो. मारायला सॅमकडे सगळी कारणं आहेत, आणि तरी हात उठत नाही. मारलं असतं तर पुढे बोट तोडायला कोण होतं? पण हा हिशोब सॅमच्या डोक्यात नाही, असणंही शक्य नाही. मधल्या काळात थोडाच वेळ का होईना, अंगठी त्याच्या स्वतःकडे होती. हा प्राणी काय भोगतोय याचा त्याला अंधूक अंदाज आलाय, इतकंच. माझ्या मते सॅम नायक होतो तो इथे.

पीटर जॅक्सनच्या २००३ च्या चित्रपटात हा थांबण्याचा क्षण नाही. तेव्हा ज्यांनी फक्त चित्रपट पाहिलाय, त्यांनी ‘माउंट डूम’ हे प्रकरण पुस्तकात वाचून या. मग भांडू.