उपच्छायेतील पेशींची मुदत

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली म्हणजे तिच्यावर अवलंबून असणारा सारा प्रदेश तत्क्षणी नष्ट होतो, अशी जी सर्वसाधारण समजूत आढळते ती यथार्थ नाही. गाभ्यातील पेशी काही मिनिटांत मरतात खऱ्या. परंतु त्यांच्या भोवती, शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तग धरून असलेला, कार्य थांबलेला पण प्राण न गेलेला असा एक पट्टा उरतो. त्यालाच शास्त्रज्ञ उपच्छाया म्हणतात. रुग्णाचा हात पुन्हा हलेल की नाही, वाचा परतेल की नाही, याचा निकाल बहुतांशी याच पट्ट्यात लागतो, आणि लवकर लागतो. कारण लॉस एंजेलिस येथील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, मोठी धमनी बंद पडली असता उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

या पेशी केवळ उपासमारीने मरत नाहीत, ही गोष्ट मला विशेष विचारार्ह वाटते. गाभ्यातून ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य बाहेर पडते, कॅल्शियम पेशींत शिरते, आणि ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्तिदेस लेआंव यांनी १९४४ मध्ये सशांच्या मेंदूसंबंधी ज्यांचे वर्णन केले तशा विद्युत्-लहरी उपच्छायेवरून पुनःपुन्हा जाऊ लागतात. प्रत्येक लहरीनंतर पेशीला आपली स्थिती सावरण्यासाठी शक्ती खर्चावी लागते. दुष्काळात जिची शिल्लक संपली आहे अशा रयतेकडून सक्तीने सारा वसूल करावा, तसाच हा प्रकार होय.

मग ही खळबळच शमविली तर? डोक्यावर ठेवलेल्या ऋणाग्रातून अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह सोडला असता त्याखालील मेंदूची उत्तेजनशीलता उतरते, हे जर्मनीतील नित्शे व पाउलुस यांच्या २००० सालच्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. आणि उंदरांत अशा प्रवाहाने मृत भागाचा विस्तार घटल्याचेही दिसले आहे. याच आधारावर डॉ. मेर्सेदेह बहर-होसेनी, सेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, गुठळी विरघळविण्याचे वा काढून घेण्याचे उपाय ज्यांना लागू नव्हते अशा १० रुग्णांवर चाचणी घेतली. ७ जणांना खरा प्रवाह मिळाला, ३ जणांना केवळ आभास. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात, उपच्छायेचा वाचलेला भाग पहिल्या गटात मध्यकाने ६६ टक्के, तर दुसऱ्यात शून्य आढळला.

आकडे उत्साहवर्धक आहेत, तरी मुळात ही चाचणी सुरक्षितता व व्यवहार्यता पाहण्यासाठी होती, आणि दहा माणसांच्या दाखल्यावर उपचाराची सनद देणे रुग्णहिताचे नाही. प्रवाहाने गुठळी हटत नाही. तो फार तर पेशींची मुदत वाढवितो, म्हणून तोंड वाकडे झाले वा हात लुळा पडला की सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचणे आजही तितकेच निकडीचे आहे. यापुढील मोठ्या चाचण्यांना तर केवळ चित्रात वाचलेला पट्टा दाखवून भागणार नाही. रुग्ण काही महिन्यांनी आपल्या पायांनी चालतो काय, हे सिद्ध करावे लागेल.